‘मला नाही येत चित्र’ : आठव्या वर्षी आणि बेचाळिसाव्या वर्षी

प्रश्न मुलुंडच्या एका आईने विचारलाय. मुलगी आठ वर्षांची, तिसरीत. पाच वर्षांची होती तेव्हा भिंती, विजेची बिलं, दादाच्या वह्या, काही म्हणजे काही सोडायची नाही. मग घराजवळच्या ड्रॉइंग क्लासला घातलं. आता तिथे नीटनेटकी चित्रं करते, सर्टिफिकिटं आणते, पण घरी कोरा कागद पुढे केला की ‘मला नाही येत, तू काढून दे’ म्हणते. आई स्वतः शाळेत असताना इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षेत ‘ए’ ग्रेड मिळवलेली. पुढे कॉमर्स, नोकरी, संसार, आणि ब्रश कपाटावर. तिचे प्रश्न तीन : मुलीची कल्पकता गेली कुठे, क्लास बदलायचा का, आणि बेचाळिसाव्या वर्षी मी स्वतः परत सुरुवात केली तर त्यात काही अर्थ आहे का.

मी दादर-परळ भागातल्या शाळांत चित्रकला शिकवत आले आणि निवृत्त झाल्यावर मोठ्यांचे वर्ग घेते. त्यामुळे दोन्ही बाजू पाहिल्यात. तुम्हा मायलेकींचं दुखणं एकच आहे असं मला वाटतं. पहिली रेघ मारायच्या आधीच दोघींच्या मनात चित्र ‘झाल्यावर कसं दिसेल’ आणि ‘कोण बघेल’ हे येऊन बसतं. एवढं एक बाजूला करता आलं तर बाकीचं फारसं अवघड नाही. पण ते बाजूला करायचं कसं, याला वेळ लागतो.

मुलीपासून सुरू करते.

व्हिक्टर लोवेनफेल्ड नावाचे एक कलाशिक्षक होते. जन्म ऑस्ट्रियातला, पुढे अमेरिकेत शिकवलं. मुलांची चित्रं वयाबरोबर कशी बदलतात याची त्यांनी १९४७ साली केलेली मांडणी आजही कलाशिक्षकांना शिकवली जाते. साधारण दोन ते चार या वयात गिरगोट्या. चार ते सात, गोलालाच हातपाय फुटलेली माणसं. सात ते नऊ या काळात मुलाची स्वतःची ठरलेली चिन्हं तयार होतात, म्हणजे माणूस काढला की असाच, झाड काढलं की असंच, आणि कागदाच्या तळाशी एक जमिनीची रेघ येते, तिच्यावर सगळं उभं. नऊच्या पुढे मूल आपलं चित्र शेजारच्याच्या चित्राशी आणि खऱ्या वस्तूशी ताडून बघायला लागतं. वयं पुढेमागे होतात, क्रम बहुधा हाच राहतो.

तुमची लेक या तिसऱ्या टप्प्यात आहे आणि खरं तर हा सगळ्यात धमाल टप्पा. आमच्या शाळेत तिसरीतल्या एका मुलाने कॅरम खेळणारी चार मुलं काढली होती. बोर्ड वरून बघितल्यासारखा, बरोबर चौकोनी. चारी भोकं काळी केलेली, मधे लाल राणी. आणि चार खेळाडू चार दिशांना. पलीकडचा सरळ बसलेला, डावी-उजवीकडचे चक्क आडवे, आणि अलीकडचा डोकं खाली, पाय वर. मी त्याला काढताना बघितलं होतं. ज्याची पाळी येईल त्याच्यासमोर कागद फिरवून घ्यायचा, जणू स्वतःच उठून त्या बाजूला जाऊन बसतोय. प्रत्येकाच्या बोटाशी स्ट्रायकर. स्ट्रायकर एकच असतो हे त्याला ठाऊक होतं, पण ‘सगळ्यांची पाळी येते ना, बाई’ असं त्याचं उत्तर. तेवढ्यात वर्गात आलेल्या एका मोठ्या माणसाने हसत विचारलं, ‘ही माणसं पडलीत का रे?’ मुलाने काही न बोलता खोडरबर उचललं आणि तिघांना पुसून टाकलं.

त्या मुलाने काय साधलं होतं बघा. चार बाजूंनी दिसणारा खेळ आणि एकामागून एक येणाऱ्या चार पाळ्या त्याने एकाच सपाट कागदावर बसवल्या होत्या. वारली चित्रातला तारपा नाच आठवा. नाचणाऱ्यांचं वेटोळं वरून दिसतं आणि त्यातला प्रत्येक माणूस मात्र बाजूने. डहाणूकडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही कला घराच्या भिंतीवरून कागदावर, कापडावर आणली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रातली माणसं पडलीत का, असं कोणी विचारत नाही. तिसरीतल्या मुलाला मात्र हमखास विचारतात.

लोकलचा डबा काढायला सांगितलात तर या वयाची मुलं बाहेरचा पत्राही काढतात आणि त्यातून आरपार दिसणारे पंखे, कड्या, बाकड्यावर बसलेल्या बायका, त्यांच्या मांडीवरच्या पिशव्याही काढतात. ते चुकलेलं नसतं. मूल जे दिसतं त्यापेक्षा जे ठाऊक आहे ते काढत असतं. या वयात त्याला ‘बरोबर’ करायला बसलं की मूल एवढंच शिकतं की माझ्या डोक्यातलं चित्र चालत नाही, मोठ्यांच्या डोक्यातलं चालतं.

आता क्लास. तुमचा क्लास मी पाहिलेला नाही, पण असे पुष्कळ पाहिलेत. सर फळ्यावर टप्प्याटप्प्याने काढतात, मुलं खाली उतरवतात. मग ऑइल पेस्टलने गडदाकडून फिक्याकडे शेडिंग, बोटाने घासायचं, शेवटी काळ्या मार्करने आउटलाइन. दीड तासात चित्र पूर्ण. यात सगळा दोष सरांचा नाही. न्यायला आलेल्या आईबाबांना दर शनिवारी हातात एक ‘झालेलं’ चित्र हवं असतं. तीन आठवडे एकाच कागदावर खटपट चालू आहे असं दिसलं की फी कशासाठी भरतोय, असा प्रश्न येतो. पण मुलीच्या बाजूने बघा. तिच्या अनुभवात प्रत्येक चित्राचं उत्तर आधीपासून सरांकडे असतं. घरच्या कोऱ्या कागदापुढे सर नसतात. मग ती तुम्हाला सर करते : ‘तू काढून दे.’

दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, झोपडी आणि आकाशात इंग्रजी एमसारखे पक्षी. हे ‘निसर्गचित्र’ मुंबईतल्या कुठल्याही शाळेत वर्गच्या वर्ग काढून देतो. गंमत अशी, की तुमच्या मुलुंडला पश्चिमेच्या उंच गच्चीवरून राष्ट्रीय उद्यानाचे खरे डोंगर दिसतात. लांबलचक, बसक्या पाठीचे, मे महिन्यात तपकिरी आणि जुलैत ढगात निम्मे गडप. त्रिकोण त्यात एकही नाही. एका रविवारी तिला गच्चीवर न्या, डोंगराची वरची कड हवेत बोटाने गिरवायला सांगा. कागद नेऊ नका. फक्त बोट. खाली आल्यावर तिला काढावंसं वाटलं तर काढेल.

सर्टिफिकिटांबद्दल थोडं स्पष्ट बोलते. १९७३ साली अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. ज्यांना स्केचपेनने चित्रं काढायला मुळातच आवडतं अशीच मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत की छान फीत लावलेलं सर्टिफिकिट मिळेल. काहींना न सांगता नंतर दिलं. काहींना दिलंच नाही. पुढे काही दिवसांनी वर्गात स्केचपेन नुसतेच ठेवले, तेव्हा बक्षिसाच्या बोलीवर काढलेली मुलं इतरांच्या निम्माच वेळ त्यांच्याकडे वळली. अचानक बक्षीस मिळालेल्यांवर असा परिणाम दिसला नाही. म्हणजे बक्षिसापेक्षा बक्षिसाची बोली नडते. आपल्याकडे तर हल्ली ऑनलाइन ‘आंतरराष्ट्रीय’ स्पर्धांचं पीक आलंय. प्रवेश फी भरली की ट्रॉफी घरपोच. त्या फीचे पैसे कागदावर खर्च करा.

क्लास बदलायचा का? आधी जाऊन तिथली भिंत बघा. वीस चित्रं लावलीत आणि वीसही जुळी भावंडं वाटतात, तर मुलीला काढून घ्या आणि काही महिने कुठेच घालू नका. चित्रं एकमेकांपासून वेगळी, काही अर्धवट, काही विचित्र असतील तर तिथे थांबायला हरकत नाही. आणखी एक खूण : शिकवणारा स्वतःचा ब्रश मुलाच्या कागदाला लावतो का? लावत असेल तर तो क्लास नको. दाखवायचंच असेल तर शेजारी वेगळा कागद घेऊन दाखवता येतं.

घरी ती ‘तू काढून दे’ म्हणाली की काढून देऊ नका, पण ‘तुझं तू कर’ म्हणून उठूनही जाऊ नका. समजा मांजर हवी आहे. तेव्हा विचारा, तुझी मांजर काय करतेय? ‘बसलीये.’ कशी बसते? बसून दाखव बघू. मूल जमिनीवर बसतं, हात पुढे टेकवतं, पाठ वाकवतं. शेपूट कुठे आहे आत्ता? ‘पायाभोवती गुंडाळलीये.’ कान वर आहेत की मागे पाडलेत? ‘मागे. तिला वॉचमनकाकांचा राग आलाय.’ इथपर्यंत आलं की बहुतेक मुलं आपणहून कागदाकडे वळतात, कारण आता त्यांच्याकडे मांजरीचं चित्र नसलं तरी मांजर असते. जे अंगाने केलं ते हाताला लवकर सापडतं. मोठ्यांच्या वर्गातही मी हेच करायला लावते. साडी नेसलेल्या, ऑफिसातून आलेल्या बायका आधी लाजतात, मग भाजीवालीसारख्या उकिडव्या बसून दाखवतात, आणि वजन कुठल्या पायावर येतं ते त्यांना पहिल्यांदा कळतं.

चित्र झाल्यावर ‘वा, किती सुंदर!’ याची सवय लागते, आणि ज्या दिवशी ते येत नाही त्या दिवशी चित्र फुकट गेल्यासारखं वाटतं. ‘हे काय काढलंस?’ त्याहून वाईट. जे दिसतंय ते बोला : इथे निळा खूप दाबून लावलास. ही बाई कागदाच्या पार टोकाला गेली. या कोपऱ्यात काहीच नाही, मुद्दाम ठेवलंस? मुलं मग स्वतः सांगायला लागतात, आणि सांगता सांगता पुष्कळदा पुढचं चित्र सुचतं. फ्रीजवर लावायचं की नाही हे तिला ठरवू द्या. फाडून टाकायचं असेल तर तेही.

सामान फार लागत नाही. अठ्ठेचाळीस रंगांची पेस्टलची पेटी तर मुळीच नको. आयता जांभळा, आयता हिरवा हाताशी असला की मूल रंग बनवत नाही, उचलतं. पोस्टर कलरच्या पाच बाटल्या घ्या : लाल, पिवळा, निळा, पांढरा, काळा. एक चपटा जाड ब्रश, एक गोल मधला. पाण्याचे दोन डबे, एक धुवायला आणि एक स्वच्छ. कागद मात्र हात सैल ठेवून घ्या, कारण महागाचा एकच कागद समोर असला की हात आखडतो. ऑफिसातले पाठकोरे कागद, कॅलेंडरच्या मागच्या बाजू, लग्नपत्रिकांचे आतले पांढरे भाग चालतील. सुट्टीत क्रॉफर्ड मार्केटजवळ अब्दुल रहमान स्ट्रीटला चक्कर मारलीत तर स्टेशनरी घाऊक भावात मिळते. पिशवी भरून आणा. रंगवायची तयार पुस्तकं विष नाहीत, प्रवासात बरी पडतात, त्यांना चित्रकला समजू नका म्हणजे झालं.

जागेचं रडगाणं सगळेच गातात आणि ते खरंही आहे. वन-बीएचकेमध्ये रंग सांडले तर संध्याकाळचा स्वयंपाक कुठे करायचा? न्हाणीघराच्या टाइल्सवर रंगवू द्या, नंतर बादलीभर पाण्याने निघतं. कपाटाच्या दाराला आतून ब्राउन पेपर चिकटवा. दार बंद केलं की पाहुण्यांना दिसत नाही, आणि पाहुण्यांना दिसत नाही हाच त्याचा मोठा गुण. उन्हाळ्यात गॅलरीतल्या लादीवर नुसत्या पाण्याने जाड ब्रशने काढायचं. काढेपर्यंत वाळतं. काही उरत नसल्यामुळे मुलं त्यात जितकी बिनधास्त होतात तितकी कागदावर होत नाहीत.

दिवाळीचा किल्ला हा माझा लाडका विषय आहे, त्यामुळे थोडं विषयांतर. मुंबईच्या सोसायट्यांमध्ये अजूनही कंपाउंडच्या कोपऱ्यात किल्ले होतात. विटा, दगड, माती, गोणपाट, वर मोहरी-हळीव पेरून केलेली हिरवळ. बुरूज ढासळला की सहावीतला मुलगा दुसरीतल्याला पाणी कमी घाल म्हणून ओरडतो. वजन, उतार, प्रमाण, गोष्ट, भांडण, सगळं त्यात येतं, आणि शिकवायला कोणी नसतं. आता तयार प्लास्टरचे किल्ले विकत मिळतात. घेऊ नका.

आता एक गोष्ट सांगते, जिच्यावरून माझे काही मित्रमैत्रिणी माझ्यावर नाराज असतात. ‘मुलांना मोकळं सोडा, काही शिकवू नका’ हे सात-आठ वर्षांपर्यंत ठीक. नऊ-दहाला मूल स्वतःच स्वतःवर नाराज व्हायला लागतं. हात खोटा वाटतो, सायकल सायकलीसारखी दिसत नाही. तेव्हा ते ‘कसं काढायचं?’ विचारतं आणि मनापासून विचारतं. त्यावेळी ‘तुझ्या मनाला येईल तसं काढ’ म्हणणं म्हणजे पोहायला शिकव म्हणणाऱ्याला समुद्र किती छान आहे ते सांगण्यासारखं. मोठेपणी ‘मला चित्र येत नाही’ म्हणणारी बहुतेक माणसं इथेच गळालेली असतात. तेव्हा कोणी शेजारी बसून दाखवायला हवं होतं : लांबची वस्तू लहान दिसते ती अशी, मनगट कोपरापेक्षा बारीक असतं ते असं, सावली वस्तूला चिकटून सुरू होते ती इथून. तंत्र शिकवावं, जरूर शिकवावं, पण मागणी आल्यावर. तुमच्या मुलीची मागणी वर्ष-दोन वर्षांत येईल. तेव्हा तयार राहा.

मागणी आली की साध्या वस्तू मांडा. स्टीलचा तांब्या, आडवी पडलेली चप्पल, अर्धा सोललेला लसूण. तांब्याचं तोंड वरून गोल दिसतं, समोरून लंबगोल, डोळ्याच्या पातळीवर आणलं तर नुसती रेघ. हे तिला हातात तांब्या धरून वर-खाली करून बघू द्या. फळ्यावरच्या आकृतीने जे चार तास कळत नाही ते दोन मिनिटांत डोळ्यांना कळतं.

आता तुमच्याकडे वळते, ताई.

तुमचा ‘ए’ ग्रेड तुम्हाला सुरुवातीला नडणार आहे. इंटरमिजिएटला बसलेल्यांचा हात स्वच्छ असतो. संकल्पचित्रात, म्हणजे नक्षीच्या पेपरात, रंगाचा सपाट थर द्यायचा, कडेबाहेर जायचं नाही, हे अंगात मुरलेलं असतं. मधे पंचवीस वर्षं गेली, हात विसरला, पण नजर विसरली नाही. त्यामुळे पहिल्याच दिवशी तुम्हाला तुमचं चित्र वाईट आहे हे अगदी नेमकं कळेल, आणि ते खरंही असेल. जे कधीच शिकले नाहीत त्यांना निदान हा त्रास नसतो.

उशीर झालाय का, हे विचारू नका. रवींद्रनाथ टागोर साठी ओलांडल्यावर चित्रांकडे वळले. हस्तलिखितात खोडलेल्या शब्दांवर रेघा ओढता ओढता त्यातून पशुपक्षी, चेहरे निघायला लागले. १९३० साली पॅरिसला त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन झालं आणि हयातीत दोन हजारांवर चित्रं त्यांनी केली. ठीक आहे, ते टागोर होते. मग नावाजलेले चित्रकार भूपेन खख्खर बघा. मुंबईत जन्मलेले, शिकलेले चार्टर्ड अकाउंटंट. बडोद्याला गेल्यावरही पुष्कळ वर्षं हिशेबाची नोकरी सांभाळून चित्रं काढत राहिले. कॉमर्सवाल्यांनी त्यांचं नाव लक्षात ठेवावं.

शनिवार-रविवारच्या वर्कशॉप्सविषयी विचाराल म्हणून आधीच सांगते. रेझिन, डॉट मंडल, माती-आरशांचं लिप्पन काम, सगळीकडे किट तयार मिळतं आणि दोन तासांनी पंधराजणी जवळजवळ सारखीच वस्तू घेऊन घरी जातात. वेळ मजेत जातो, मैत्रिणी भेटतात, चहा असतो. जा खुशाल. पण तुमच्या लेकीच्या क्लासचीच ती मोठ्यांची आवृत्ती आहे, हे ध्यानात असू द्या.

त्याऐवजी पर्समध्ये मावेल अशी एक कोरी वही घ्या आणि साधं बॉलपेन. पेन्सिल नको, कारण पेन्सिलीमागे खोडरबर येतं. ही वही कोणाला दाखवायची नाही. स्टेटसला नाही, फॅमिली ग्रुपवर नाही, नवऱ्यालाही नाही. निदान पावसाळा सरेपर्यंत तरी. प्रभाकर बरवे यांच्यासारखा मोठा चित्रकार वर्षानुवर्षं वह्यांमध्ये टिपणं आणि रेखाटनं करत राहिला. त्या वह्या आधी त्यांच्या स्वतःसाठी होत्या.

पहिला सराव : डावा हात टेबलावर ठेवा, पेनाचं टोक कागदावर टेकवा आणि मग कागदाकडे बघायचंच नाही. नजर अंगठ्याच्या मुळाशी लावा आणि मुंगीच्या चालीने कडेकडेने सरकवा. नजर जितकी सरकेल तितकंच पेन सरकेल. सुरकुती आली, थांबा, आत जा, बाहेर या. नखाची कड, अंगठीत किंचित रुतलेलं बोट, मनगटावर बांगडीचा वण. पाच मिनिटांनी खाली बघाल तर हात म्हणून ओळखूही येणार नाही, बोटं एकमेकांवर चढलेली असतील. पण त्यातली एखादी सुरकुती अशी खरी उतरलेली असते, की बघून-बघून काढताना ती तुम्हाला कधी साधली नसती. रोज एक करा. ‘हात’ नावाचं जे ठरलेलं चित्र डोक्यात बसलंय ते यात हळूहळू सुटतं.

दुसरा लोकलमध्ये. लेडीज डब्यात चेहरे काढायला जाऊ नका, समोरचीला लगेच कळतं आणि ती अवघडते. पाय काढा. चपला, सँडल, मोज्यात अंगठा अडकवून घातलेली स्लीपर, पाय दुखतोय म्हणून अर्धी बाहेर काढलेली टाच. मागून मानेवरचे क्लचर काढा. रॅकवर एकमेकींवर रेललेल्या पिशव्या काढा. घाटकोपरला गर्दी चढेल, समोरचं दृश्य अर्धवट राहील, राहू द्या. चित्र अपुरं सोडायची सवय लोकलइतकी चांगली कोणी लावत नाही.

तिसरा तुमच्या घरातलाच आहे. ठिपक्यांची रांगोळी तुम्ही काढत असालच. पंधरा ते आठ ठिपके मांडता, मग पुस्तकातलं नाहीतर फोनवरचं डिझाइन उतरवता. वहीत ठिपके मांडा आणि पुस्तक बंद ठेवा. नियम तुमचा तुम्ही करायचा : उदाहरणार्थ, रेघ ठिपक्याला स्पर्श करणार नाही, वळसा घालून जाईल. किंवा एकही सरळ रेघ नाही. बंधन जितकं घट्ट तितकं सुचतं जास्त. ‘काहीही काढ’ म्हटल्यावर माणूस कमळ काढतो.

कंटाळा आला तर दिवाळी अंकातलं एखादं रेघांचं चित्र उलटं धरा आणि तसंच उलटं उतरवा. नाक, डोळा अशी नावं डोक्यात येत नाहीत, फक्त वळणं दिसतात, आणि नक्कल आश्चर्य वाटावं इतकी बरी येते. उजवा मेंदू, डावा मेंदू असलं काही यामागे सांगतात. त्याच्या नादी लागू नका. सराव मात्र कामाचा आहे.

कपाटावरच्या जुन्या ट्यूबा फेकू नका. जलरंग वाळून दगड झाला तरी ट्यूब कापून पाण्याच्या थेंबाने परत विरघळतो. पोस्टर कलर मात्र कुबट वास मारत असेल तर टाकून द्या.

दोघींनी मिळून काय करायचं? एका टेबलावर बसा, आपापला कागद घ्या, आपापलं काढा. तिला शिकवू नका, तिच्या कागदाकडे वाकून बघू नका. तुमचं फसलं तर तोंडाने ‘छ्या, तिरकं झालं’ म्हणा आणि पुढे काढत राहा. आई फसते, पुसत नाही, थांबत नाही, हे तिला दिसलं पाहिजे. तुम्ही हौसेने बसलात तर ती बसेल. तिच्यासाठी म्हणून बसलात तर मुलांना ते बरोबर कळतं.

महिन्यातून एकदा सीएसएमटीला उतरून काळा घोड्याकडे चालत जा. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून आहे, आत जायला पैसे पडत नाहीत आणि प्रदर्शनं बदलत राहतात. बऱ्याचदा चित्रकार स्वतः खुर्ची टाकून बसलेला असतो. मुलीला त्याच्याशी बोलू द्या. ‘हे किती दिवस करत होता?’ एवढं जरी तिने विचारलं तरी तिला कळेल, की चित्र दीड तासात होत नाही. बाहेरच्या फुटपाथवरही चित्रकार बसतात, तिथे उभं राहून बघण्यासारखं पुष्कळ असतं. समोर वस्तुसंग्रहालय, म्हणजे आपलं जुनं प्रिन्स ऑफ वेल्स. त्यात एका फेरीत सगळं बघायचा हट्ट नको. लघुचित्रांच्या दालनात जा, एकच चित्र निवडा आणि त्यापुढे वीस मिनिटं बसा. घर समोरून दिसतंय आणि अंगणातली सतरंजी वरून, हे तिचं तिला सापडलं तर तुम्हाला काही सांगायची गरजच नाही.

गाणं, नाच, नाटक यातलं मला शिकवता येत नाही, म्हणून त्यावर बोलत नाही. फोनला सांगितलं की फोनच चित्र काढून देतो, मग शिकायचं कशाला, असं मुलं हल्ली विचारतात. मी त्यांना म्हणते, फोनला काढू दे, तुला काढताना मजा येत होती का ते सांग. बहुतेकांना येत असते.

राहता राहिली परीक्षा. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट कला संचालनालय घेतं, आणि इंटरमिजिएटच्या ग्रेडप्रमाणे दहावीला वाढीव गुण मिळतात, म्हणून पालक घाई करतात. परीक्षा वाईट नाही. स्मरणचित्राचा पेपर तर मला फार आवडतो : बसस्टॉप, बाजार, बागेतला रविवार, जे डोळ्यांनी साठवलंय ते आठवून काढायचं. पण क्लासवाले तीन-चार माणसांच्या पोझेस पाठ करून घेतात आणि तीच टोपलीवाली, तोच छत्रीवाला प्रत्येक विषयात आणून उभे करतात. तसं करून ग्रेड मिळतो. तुमच्या मुलीला मुलुंड स्टेशनबाहेरचा भाजीवाला पाठ करायची गरज नाही, तो तिला रोज दिसतो. सातवी-आठवीच्या आधी विषय काढू नका. फॉर्म शाळेतूनच भरतात. तेव्हा तिला बसावंसं वाटलं तर भरा आणि स्मरणचित्राच्या तयारीसाठी तिला एक वही देऊन संध्याकाळी तुमच्याबरोबर बाजारात न्या.